आईकडून आलेलं बळ : सेक्रेटेरिएट घोड्याची गोष्ट



बाजारात कालवड घ्यायला गेलं की आपण पहिलं काय विचारतो? "हिच्या आईचं दूध किती?" रंगरूप नंतर. जनावराची पारख आईवरून होते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण रेसच्या घोड्यांच्या दुनियेत वर्षानुवर्षं मोठ्या अक्षरात नाव लागलं ते बापाचं. जगभरातल्या रेसच्या घोड्यांच्या बापांची ओळ मागे मागे नेली, तर ती तीनच घोड्यांपाशी येऊन थांबते. सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्याच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आणलेले हे तीन घोडे. त्यांची नावं घोडेवाल्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्याबरोबरच्या घोड्यांच्या आया मात्र फारशा कुणाला आठवत नाहीत.

आज मी सांगणार आहे अमेरिकेतल्या सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याची गोष्ट. रेस म्हटलं की पैज आणि पैशाची नासाडी डोळ्यापुढे येते, ते मला ठाऊक आहे. पैजेचं कौतुक मला करायचं नाही. मला सांगायचं आहे ते या घोड्यामागच्या माणसांबद्दल, एका मुलीबद्दल आणि काही घोड्यांबद्दल.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात 'द मेडो' नावाचं एक शेत आहे. मेडो म्हणजे कुरण. ख्रिस्तोफर चेनेरी नावाच्या माणसाच्या नातलगांची ही जुनी जमीन. ती घराण्याच्या हातची गेली होती. ख्रिस्तोफर गरिबीतून वर आला, इंजिनिअर झाला, उद्योगात पैसा कमावला आणि १९३६ साली त्याने ती जमीन परत विकत घेतली. तिथे त्याने घोड्यांची पैदास सुरू केली.

त्याची नजर चांगल्या घोड्यांवर असे. हिल्डीन नावाची घोडी त्याने अवघ्या ७५० डॉलरला घेतली. तिला रेसमध्ये काही नाव नव्हतं, पण तिच्या पोटी नामांकित घोडे निपजले. १९४७ साली इम्पेराट्रीस नावाची घोडी ३० हजार डॉलरला घेतली. तिची मुलगी समथिंगरॉयल. समथिंगरॉयल आयुष्यात एकदाच रेसमध्ये पळाली आणि मागेच राहिली. कुणी म्हणालं असतं, काय कामाची ही? ख्रिस्तोफरने तिला ठेवून घेतली. या दोन घोड्या लक्षात ठेवा, हिल्डीन आणि समथिंगरॉयल.

ख्रिस्तोफरला तीन मुलं. त्यातली धाकटी हेलन, सगळे तिला पेनी म्हणायचे. जन्म १९२२ चा. शिकलेली, लहानपणापासून घोड्यावर बसणारी. दुसऱ्या महायुद्धात तिने रेडक्रॉसचं काम केलं. नंतर व्यापाराचं शिक्षण घ्यायला लागली, पण लग्न झालं आणि ते अर्धवट सुटलं. चार लेकरं झाली. वीस वर्षं ती दूर कोलोरॅडो राज्यात आपला संसार करत होती.

१९६७ साली आई वारली. वडिलांना स्मृतिभ्रंश झाला, त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. शेत तोट्यात चाललं होतं. भावाबहिणीचं मत पडलं, विकून टाकू. भाऊ मोठा अर्थतज्ज्ञ, त्याचा हिशेब काही चुकीचा नव्हता. पेनी म्हणाली, इतक्यात नको. आपल्या वडिलांनी गेलेली जमीन परत आणली, एवढी जनावरं उभी केली, ती एका सहीने मोडायची नाहीत. मग विमानाने कोलोरॅडोहून व्हर्जिनियाला जाऊन येऊन ती कारभार बघू लागली. वडिलांच्या जुन्या सेक्रेटरी एलिझाबेथ हॅम यांना सगळ्या नोंदी माहीत होत्या, त्यांची मोठी साथ मिळाली.

आता गोष्टीतली गंमत ऐका. त्या काळी अमेरिकेत 'बोल्ड रूलर' नावाचा वळू घोडा सगळ्यात नावाजलेला. फिप्स नावाच्या श्रीमंत घराण्याचा. त्याच्याकडे घोडी भरवायची तर पैशाचा व्यवहार नव्हता, निराळाच करार होता. चेनेरींनी दर वर्षी दोन घोड्या पाठवायच्या. दोन वर्षांची शिंगरं दोघांनी वाटून घ्यायची. आधी कोणी निवडायचं, ते नाणं उडवून ठरवायचं. नाणेफेक जिंकणाऱ्याने पहिल्या वर्षी आधी निवडायचं, हरणाऱ्याने दुसऱ्या वर्षी.

१९६९ साली नाणं उडवलं. फिप्स जिंकले. त्यांनी समथिंगरॉयलची मादी शिंगरू निवडली. तिचं नाव पुढे ठेवलं 'द ब्राइड', म्हणजे नवरी. पेनी हरली, म्हणून तिच्या वाट्याला पहिल्या वर्षीचं उरलेलं शिंगरू आलं आणि दुसऱ्या वर्षीची पहिली निवड. पण दुसऱ्या वर्षी दोन घोड्यांपैकी एकच गाभण राहिली होती, समथिंगरॉयलच. निवडायला दुसरं काही नव्हतंच. तिच्या पोटात होतं ते पेनीचं.

३० मार्च १९७० रोजी मध्यरात्र उलटल्यावर मेडोच्या तबेल्यात अठरा वर्षांची समथिंगरॉयल व्याली. तांबड्या रंगाचं, तीन पाय पांढरे असलेलं नर शिंगरू. त्याला नाव द्यायचं तर एकेक नाव कळवलं की ते नामंजूर होऊन परत येई. शेवटी एलिझाबेथ हॅम यांनी सुचवलेलं नाव पास झालं, सेक्रेटेरिएट. म्हणजे कचेरी, सचिवालय. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी पूर्वी काम केलं होतं, तिथला तो शब्द. कचेरीत आयुष्य काढलेल्या बाईने दिलेलं हे नाव पुढे जगभर गेलं. आणि नाणेफेकीत जिंकून नेलेली 'नवरी' एकही रेस जिंकली नाही.

हा घोडा मोठा होईपर्यंत शेत तगवलं कोणी? रिव्हा रिज नावाच्या दुसऱ्या घोड्याने. १९७२ साली त्याने अमेरिकेतल्या दोन मोठ्या रेसी जिंकल्या, केंटकी डर्बी आणि बेलमाँट. रिव्हा रिजच्या बापाची आई कोण? तीच, साडेसातशे डॉलरची हिल्डीन.

जानेवारी १९७३ मध्ये ख्रिस्तोफर चेनेरी वारले आणि वारसा कर भरायची वेळ आली. रक्कम मोठी. पुन्हा तोच प्रश्न, शेत विकायचं का? पेनीने वेगळा मार्ग काढला. आपण बचत गटात हिस्से धरतो, तसे तिने सेक्रेटेरिएटच्या पुढच्या पैदाशीचे ३२ हिस्से केले. एक हिस्सा १ लाख ९० हजार डॉलरचा. एकूण ६० लाख ८० हजार डॉलर. तोपर्यंत कुठल्याही घोड्याला एवढी किंमत आली नव्हती. अट एकच, वर्षाअखेर त्याने रेस सोडून पैदाशीला जायचं.

जोखीम केवढी बघा. बोल्ड रूलरची पोरं थोड्या अंतरात वेगवान, पण लांब पल्ल्याला दमतात, असं जाणकार म्हणत. मोठ्या रेसी तर लांबच्याच. डर्बीच्या दोन आठवडे आधीच्या रेसमध्ये सेक्रेटेरिएट तिसरा आला. त्याच्या ओठाला आतून गळू झालं होतं. हिस्से घेणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार.

पण जाणकार बापाकडेच बघत होते. समथिंगरॉयलचा बाप प्रिन्सक्विलो, लांब पल्ल्याचा, दमसास असलेला घोडा. ते बळ आईच्या बाजूने आलं होतं.

५ मे १९७३ ला केंटकी डर्बी झाली, सुमारे दोन किलोमीटरची. तिचे पाच समान भाग केले, तर प्रत्येक भाग तो आधीच्यापेक्षा जोरात पळाला. दोन मिनिटांच्या आत आला. दोन आठवड्यांनी प्रीकनेस जिंकली. ९ जूनला बेलमाँट, सगळ्यात लांब, सुमारे २४०० मीटर. तिथे तो २ मिनिटं २४ सेकंदांत आला आणि मागच्या घोड्यात ३१ घोड्यांच्या लांबीचं अंतर होतं. जॉकी रॉन टर्कॉट मान वळवून घड्याळाकडे बघत होता, कारण जवळपास दुसरं कुणी नव्हतंच. तिन्ही रेसी एकाच वर्षी जिंकणारा घोडा अमेरिकेने २५ वर्षांनी पाहिला. या तिन्ही रेसींतले त्याचे वेळेचे विक्रम पन्नास वर्षं उलटली तरी कुणी मोडलेले नाहीत. त्या दिवशीची ५,६१७ जिंकलेली तिकिटं लोकांनी पैशासाठी दिलीच नाहीत, आठवण म्हणून घरी ठेवली.

या सगळ्यात रोज पहाटे त्याला खरारा करणारा, चारा-पाणी बघणारा, अंगाला हात लावून दुखणं ओळखणारा एक माणूस होता. एडी स्वेट. दक्षिण कॅरोलायनातल्या शेतमजूर घरातला काळा माणूस. फोटोत मालक, जॉकी, ट्रेनर पुढे, हा लगाम धरून बाजूला. घोड्याच्या किमतीतलं त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. १९९८ मध्ये गेला तेव्हा हाती पैसा नव्हता. आज केंटकीतल्या घोड्यांच्या उद्यानात सेक्रेटेरिएटचा पुतळा आहे, त्यात लगाम धरलेला एडी आहे. गोठा सांभाळणाऱ्या हाताची किंमत उशिरा कळते, हे आपण घरोघरी बघतो.

सेक्रेटेरिएट पैदाशीला गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता याची पोरं मैदान गाजवतील. काही चांगली निघाली, पण बापासारखा एकही मुलगा निघाला नाही. लोक म्हणाले, वंश वाया गेला. मग त्याच्या मुली व्यायला लागल्या. टर्लिंगुआ नावाच्या मुलीच्या पोटी स्टॉर्म कॅट. वीकएंड सरप्राइज नावाच्या मुलीच्या पोटी ए. पी. इंडी. हे दोघे अमेरिकेतले अतिशय मोठे वळू घोडे ठरले. १९९२ साली मुलींच्या लेकरांच्या कमाईवर सेक्रेटेरिएट देशात पहिला आला. २०१५ साली तिन्ही रेसी जिंकणाऱ्या अमेरिकन फेरो घोड्याच्या आईच्या घराण्यात वर बघत गेलं, तर स्टॉर्म कॅट भेटतो आणि त्याच्या मागे टर्लिंगुआ.

१९८९ मध्ये खुरांच्या दुखण्यामुळे सेक्रेटेरिएटला शांतपणे मरण द्यावं लागलं. डॉक्टरांनी बघितलं तर हृदय फार मोठं, पण निरोगी. वजन केलं नाही, अंदाज सुमारे दहा किलोचा, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त. काहींचं म्हणणं, असं हृदय आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावरून उतरतं. ते अजून सिद्ध झालेलं नाही. पण एवढं पक्कं, की नराला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं आणि तो ते फक्त मुलीला देऊ शकतो. माणसांतही तसंच. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून काय येतं त्यावर ठरतं. तरी बोल मात्र सुनेला.

पेनीला किंमत मोजावी लागली. घरापासून दूर राहण्यात तिचा संसार मोडला. पण १९८३ साली, ज्या जॉकी क्लबात बायकांना जागा नव्हती, तिथे पहिल्या तीन बायकांत तिला सदस्य करून घेतलं. २०१७ मध्ये, ९५ व्या वर्षी ती गेली.

मैत्रिणींनो, पेनीच्या हाती निर्णय होता, कारण वडिलांच्या कारभारात तिचं नाव कागदावर होतं. नाव नसतं तर ती नुसती माहेरी आलेली लेक ठरली असती. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. तरी दिवाळीला, राखीला गेलं की हक्कसोड पत्र पुढे येतं आणि आपण न वाचता सही करतो. सही करायची की नाही, ते जिचं तिने ठरवावं. पण वाचून ठरवावं, आणि आपण तिथे काही सांभाळू शकलो असतो का, हा विचार एकदा करून ठरवावं.

पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीने आपल्या आईचं, आजीचं आणि पणजीचं नाव सांगा. कुठवर जाता येतं ते बघा. जिथे अडेल, तिथे घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

येते मी. नमस्कार.