गाडी गरम होते, पण नेमकी कधी? इंजिनाच्या तापाचं कारण असं शोधतात

मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की खंबाटकी किंवा कसारा घाटात एक दृश्य हमखास दिसतं. कडेला बोनेट उघडून उभी असलेली गाडी, आतून निघणारी वाफ, सावली शोधत बसलेलं कुटुंब आणि हातात पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरकडे निघालेले एक गृहस्थ. त्या गृहस्थांना थांबवणं हे पहिलं काम. बिघाड कशामुळे झाला, हे नंतर बघता येतं.

रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखं असतं. ते आतला दाब वाढवतं, म्हणून आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो आणि ते सगळं एकदम उकळून उसळी मारतं, थेट चेहऱ्यावर आणि हातांवर. शिटी न काढता कुकर उघडल्यावर जे होतं, तेच. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबायचं. रेडिएटरला वरून येणारा जाड रबरी पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकणाला हात लावायचा, तोही जाड फडका धरून. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो, त्यामुळे तेही नको. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अनेक गाड्यांमध्ये किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. बोटं, ओढणी, गळ्यातली साखळी त्यापासून लांब हवी.

काटा नुसता वर सरकू लागला असेल, वाफ नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावायचा. उन्हाळ्यात ही शिक्षाच वाटते, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची थोडी उष्णता काढून घेतो, आणि कडेला सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढं पुरतं. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद.

उष्णता जाते कुठे?

पेट्रोल-डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला मिळतो. तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि जवळपास तेवढाच कूलंटला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या पोटातून फिरवतो, थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाऊ देतो, रेडिएटरवरून वारा वाहतो आणि थंड झालेलं कूलंट पुन्हा इंजिनात येतं.

म्हणजे तीन गोष्टी लागतात: कूलंट पुरेसं हवं, ते फिरायला हवं आणि रेडिएटरवर वारा लागायला हवा. इंजिन तापण्याची बहुतेक कारणं या तिघांपैकी एकीत सापडतात. कोणत्या, ते कळायला चांगला मेकॅनिक बोनेट उघडण्याआधीच एक प्रश्न विचारतो: "गाडी गरम कधी होते?" गाडीमालकाला याचं नीट उत्तर देता आलं, तर अर्धं निदान तिथेच झालेलं असतं.

सिग्नलला तापते, हायवेला नाही

अशा वेळी संशय पंख्यावर. गाडी साठच्या वेगाने पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याची फारशी गरज पडत नाही. ट्रॅफिकमध्ये मात्र सगळी मदार त्याच्यावर असते.

तपासणी सोपी आहे. गाडी सुरू करून एसी लावायचा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा काही क्षणांत फिरू लागतो. फिरलाच नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायरचं सॉकेट, आणि शेवटी मोटर असं बघत जायचं. फ्यूज बॉक्समध्ये बऱ्याचदा हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो. तो पंख्याच्या जागी लावून पाहिला की रिले दोषी आहे का, ते मिनिटभरात कळतं. पंखा फिरतोय पण संथपणे, असंही होतं. मोटर थकलेली असते, आणि "पंखा चालू आहे ना" म्हणून ती तपासणीतून सुटते. जुन्या जीपच्या धाटणीच्या काही गाड्यांत विजेचा पंखा नसतो, इंजिनावरच बसवलेला असतो. त्याचा क्लच ढिला पडला की तो नुसता आळसात फिरतो.

अशा वेळी काही ठिकाणी "पंखा डायरेक्ट करून देतो" असा उपाय सुचवला जातो, म्हणजे किल्ली लावली की पंखा कायम चालू. प्रवासात अडकलेल्याला घरी पोहोचवायला हे ठीक आहे. कायमचा इलाज म्हणून नाही, कारण बिघडलेला सेन्सर किंवा रिले तसाच राहतो आणि पंख्याची मोटर लवकर झिजते.

हायवेला किंवा चढावर तापते

इथे वारा भरपूर असतो, तरी तापते. म्हणजे कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरमधून उष्णता बाहेर पडत नाही. सर्वात आधी पुढची जाळी पाहावी. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत चिखल, किडे, कापसाचे तंतू साचतात. समोरून सगळं स्वच्छ दिसतं, मधे मात्र गोधडी झालेली असते. पाण्याने धुताना धार बेताची हवी, नाहीतर पातळ पात्या वाकतात आणि वाट आणखी बंद होते.

आतून तुंबलेला रेडिएटर हा आपल्याकडचा जुना आजार आहे. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं की किटलीत जमतो तसा पांढरा क्षार नळ्यांत जमतो, जोडीला गंज. गाडी गरम असताना दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरने रेडिएटरचा पृष्ठभाग तपासला, तर मध्येच गार पट्टे सापडतात. तिथून कूलंट जातच नसतं.

वॉटर पंपाच्या पात्या झिजतात, त्याचा बेल्ट घसरतो. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यातून थेंब किंवा वाळलेला रंगीत डाग दिसला की पंपाचं सील गेलं असं समजावं. खालचा रबरी पाइप जुना होऊन मऊ पडला असेल, तर इंजिनाचा वेग वाढवल्यावर तो आत ओढला जाऊन चपटा होतो. गाडी उभी असताना तो व्यवस्थित दिसतो, म्हणून हा दोष शोधताना भलेभले चकतात.

काही वेळा दुखणं इंजिनाचं नसतंच. ब्रेक चिकटून राहत असेल किंवा क्लच घसरत असेल, तर इंजिनाला विनाकारण जास्त राबावं लागतं. गाडी थांबवल्यावर एकच चाक इतरांपेक्षा खूप गरम लागलं, तर खुशाल ब्रेककडे बोट दाखवावं.

ट्रकच्या मागे घाट चढणं ही सगळ्यात कठीण परीक्षा, कारण ओझं हायवेपेक्षा जास्त आणि वारा सिग्नलसारखा कमी. गाडी वरच्या गिअरमध्ये रडत ओढत नेण्यापेक्षा एक गिअर खाली टाकला तर इंजिनाबरोबर पंपही जोरात फिरतो आणि काटा बऱ्याचदा खाली येतो.

सुरू केल्यावर दहा मिनिटांतच तापते

इतक्या लवकर ताप चढत असेल तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असू शकतो. ही मेणाच्या गोळीवर चालणारी छोटी झडप असते. मेण वितळून फुगलं की ती उघडते, साधारण 82 ते 90 अंशांना. ती अडकली की रेडिएटरचा वरचा पाइप चटका बसण्याइतका गरम आणि खालचा गार लागतो. झडप काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवली, की ती तिच्यावर छापलेल्या तापमानाला उघडते का, ते डोळ्यांनी दिसतं.

"आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाका" हा सल्ला महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायवेवर फुकट मिळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन पुरेसं गरम व्हायला फार वेळ घेतं, कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त इंधन देत राहतो, ॲव्हरेज घसरतं आणि इंजिन लवकर झिजतं.

कूलंट कमी होत जातंय

ही यंत्रणा बंदिस्त असते. कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. बाटलीतली पातळी दर महिन्याला खाली जात असेल, तर ते कुठेतरी जातंय, आणि नुसतं भरत राहणं म्हणजे भोक असलेल्या बादलीत पाणी ओतणं.

गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकून ठेवावा. एसीचं पाणी साधं असतं, ते पडलं तर काळजी नाही. कूलंट रंगीत, बोटांना बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं. (ते विषारी असतं, आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. सांडलेलं लगेच धुऊन टाकावं.) पायाखालचं कार्पेट ओलं, आत गोड वास आणि काचेवर तेलकट थर, अशी लक्षणं असतील तर गळती हीटरच्या आत आहे. बाहेर काहीच दिसत नसेल, तर गॅरेजमध्ये हातपंपाने यंत्रणेत दाब भरून ठेवतात. दाब उतरला की गळती नक्की.

या सगळ्यात रेडिएटरच्या झाकणावर कुणी संशय घेत नाही. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण 107 च्या आसपास उकळतं. त्यावर चांगल्या झाकणाचा दाब आला की हीच मर्यादा 125 अंशांच्या पुढे जाते. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर तेच कूलंट वीसेक अंश आधी उकळू लागतं. रेडिएटर बदलण्याआधी, मोठ्या खर्चाला हात घालण्याआधी, झाकण तपासून घेणं शहाणपणाचं.

काट्यावर किती विश्वास ठेवायचा?

मर्यादित. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान थोडंफार वरखाली झालं तरी तो मध्यावरच राहतो. तो हलला, म्हणजे गोष्ट आधीच पुढे गेलेली असते. काही गाड्यांत काटाच नसतो, थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल दिवा एवढंच. शिवाय कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. हीटर लावूनही गार हवा येत असेल आणि इंजिन तापलेलं असेल, तर कूलंट संपत आलंय असं धरून गाडी थांबवावी. ओबीडी सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र मोबाइलवर खरे अंश दाखवतं. घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्यांना ते उपयोगी पडतं.

हेड गॅसकेट: कारण की परिणाम?

इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये गॅसकेट असतं. ते फुटलं की जळणारा वायू कूलंटमध्ये शिरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा गोड वासाचा पांढरा धूर, ऑइल दुधाळ होणं ही त्याची लक्षणं. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दमटपणामुळेही थोडा पांढरा थर येतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये.

खात्री करायची पद्धत स्वस्त आहे. रेडिएटरच्या तोंडातली हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात. ते पिवळं पडलं तर आत जळलेला वायू आहे. ही चाचणी न करता "गॅसकेट गेलं, हेड उतरवावं लागेल" असं कुणी म्हटलं, तर आधी चाचणी मागावी.

आजकालची हेड ॲल्युमिनियमची असतात. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" म्हणत तापलेली गाडी दामटली की हेड वाकतं. मग गॅसकेट टिकत नाही आणि हेडचं फेसिंग करावं लागतं. म्हणजे बऱ्याचदा गॅसकेट हा आजार नसतो, आजाराचा परिणाम असतो. मूळ दोष एखाद्या फ्यूजचा किंवा गळक्या पाइपाचा असतो. तो न शोधता नुसतं गॅसकेट बदललं, तर काही महिन्यांत तीच गाडी त्याच घाटात पुन्हा उभी दिसते.

दुरुस्ती झाल्यावर कूलंट भरताना यंत्रणेतली हवा काढणं बाकी असतं. आत अडकलेल्या हवेच्या फुग्यामुळे नवे भाग लावलेली गाडीही तापते. हीटर गरमवर ठेवून, गाडी पुरेशी चालवून बुडबुडे येणं थांबेपर्यंत कूलंट भरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, बाटलीतली पातळी पुन्हा पाहायची. ती किंचित उतरलेली असते, तेवढं भरायचं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती परत उतरली, तर पुठ्ठा पुन्हा गाडीखाली.