लोणारचा खार आणि माणसाची कातडी

लोणारच्या सरोवरावर वाट दाखवणारी मंडळी पाहुण्यांना एक गंमत हमखास दाखवतात. खिशातून हळदीची पुडी काढायची, चिमूटभर हळद तळहातावर घ्यायची आणि तिच्यावर सरोवराच्या पाण्याचे दोन थेंब सोडायचे. पिवळी हळद डोळ्यांदेखत लाल होते. घरी हळदीचे कुंकू याच गुणावर होते. हळदीला क्षार भेटला की ती रंग बदलते. पाहुणे चकित झाले की पुढचे वाक्य येते, "या पाण्यानं कातडीचे सगळे रोग जातात." अलीकडे त्यात भर पडली आहे. समुद्राच्या पाण्याने आणि समुद्रातल्या शेवाळाने त्वचा उजळते असे शहरांतली सौंदर्यगृहे सांगतात. मग आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर समुद्रापेक्षाही जास्त खारे पाणी आणि हिरवेगार शेवाळ फुकट उपलब्ध आहे, असा तो हिशेब.

हळदीची गंमत खरी आहे. पुढच्या वाक्याचा इतिहास मी गेली काही वर्षे शोधतो आहे. त्यामागे माझे एक घरगुती कारणही आहे, ते ओघात येईल.

पहिली गोष्ट, लोणारचे पाणी समुद्राचे नाही. अरबी समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. काळ्या बेसॉल्टच्या खडकावर अवकाशातून आलेली उल्का आदळली आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे, दीडशे मीटरच्या आसपास खोलीचे विवर तयार झाले. हे विवर आघाताचेच आहे, ज्वालामुखीचे नाही, ही गोष्ट १९७३ साली फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकांच्या पुराव्यानिशी मांडली. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे धरले जाई; २०११ सालच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या घरात नेले.

या विवरात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. बेसॉल्ट झिजून सोडियम पाण्यात उतरतो. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतो आणि पाण्यात मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ उरते. आपल्या भाषेत सांगायचे तर समुद्र म्हणजे मिठाचे पाणी आणि लोणार म्हणजे धुण्याच्या सोड्याचे पाणी. आम्लता आणि क्षारता मोजण्याच्या पीएच मापावर समुद्र ८.१ च्या आसपास असतो, लोणार १० च्या आसपास. या मापावर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, म्हणून हा फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे.

लोणारच्या पाण्याची जुनी कीर्ती कशाची होती? अबुल फजलाच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरच्या हद्दीतले हे ठिकाण येते. पवित्र तीर्थ म्हणून ते सांगितले आहेच. त्यासोबत इथे काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते आणि सरकारला चांगला महसूल येतो, अशीही नोंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी इथे येऊन गेला. पुढे भूगर्भतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ आले, त्यांनी पाणी आणि खार तपासले. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत इथल्या खाराच्या प्रतवारीची नावे सापडतात: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापरी, भुस्की. उन्हाळ्यात पाणी आटले की काठाचा आणि तळाचा खार काढायचा, वाळवायचा आणि बाजारात पाठवायचा. बांगड्यांची काच, साबण, कापडाचा रंग पक्का करणे ही त्याची कामे. म्हणजे लोणारचा खार माणसाच्या अंगाला लागत होता तो साबणाच्या वडीतून.

इथे मला दूरच्या एका किनाऱ्याची आठवण होते. समुद्राच्या शेवाळाचा त्वचेशी आलेला मोठा व्यापारी संबंधही नेमका असाच होता. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या बेटांवर किनाऱ्याला लागणारे शेवाळ गोळा करून, वाळवून, खड्ड्यांत जाळत. त्या राखेतून सोडा मिळे आणि तो साबण आणि काच करणाऱ्यांकडे जाई. अगदी लोणारचाच धंदा, फक्त खार तळ्याऐवजी शेवाळातून यायचा. १७९१ साली फ्रान्समध्ये लब्लां याने मिठापासून सोडा करण्याची पद्धत काढली. कारखानी सोडा जसजसा स्वस्त झाला तसतसा राखेचा धंदा बसला. पुढे कधीतरी लोणारचा खार काढणेही परवडेनासे झाले. १८८१ साली स्टॅनफर्ड या रसायनतज्ज्ञाने शेवाळातून अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ वेगळा केला. आज शेवाळाच्या लेपाने चेहरा मऊ वाटतो त्यात अशा पदार्थांचा मोठा वाटा आहे. ते पाणी धरून ठेवतात आणि कातडीवर ओलसर पापुद्रा करतात. पापुद्रा धुतला की तो गुण बराचसा धुतला जातो.

समुद्रस्नानाची वैद्यकी याच्या थोडी आधीची. रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टराने १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या उपचारांवर ग्रंथ लिहिला आणि ब्रायटनला रोग्यांची रीघ लागली. तो ते पाणी प्यायलाही लावी. १८९९ साली लुई बागो याने फ्रान्सच्या रोस्कोफ गावी समुद्रोपचाराची संस्था काढली. या सगळ्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. मृत समुद्राच्या काठी सोरायसिसच्या रोग्यांना खरोखर उतार पडतो, आणि मॅग्नेशियमने समृद्ध अशा तिथल्या मिठाच्या पाण्यात कोरडी त्वचा सुधारल्याचे २००५ सालच्या एका जर्मन अभ्यासाने दाखवले. पण त्यात तिथल्या उन्हाचा वाटा मोठा आहे, ते पाणी किंचित आम्ल आहे आणि त्यात मॅग्नेशियम भरपूर आहे. लोणारचे पाणी तीव्र क्षारयुक्त आणि मॅग्नेशियमला पारखे. 'खारे' हा शब्द दोघांना एकच लागतो, एवढेच त्यांचे नाते.

आता घरची गोष्ट. माझ्या थोरल्या आत्याच्या हातावर आणि मानेवर कोड होता. साठच्या दशकात, तिचे लग्नाचे वय झाले तेव्हा, कोणीतरी आजोबांना लोणार सुचवले. बैलगाडीने मुक्काम करत ते तिला घेऊन गेले. आधी काठावरच्या धारेत गोड्या पाण्याने स्नान, मग उतार उतरून कमळजा देवीचे दर्शन, आणि मग सलग पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सरोवराच्या पाण्यात मानेपर्यंत बसणे. ती मला सांगायची, "पानी अंगाले लोन्यावानी लागे. मले वाटे, आता जाते हे." सहाव्या दिवशी तिच्या कातडीला भेगा पडल्या. महिनाभर आजी तिला खोबरेल चोळत होती. कोड तसाच राहिला, आणि ठरत आलेले एक स्थळ गेले ते गेलेच.

ते लोण्यासारखे लागणे काय होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. १९२८ साली शाडे आणि मार्शिओनिनी या जर्मन संशोधकांनी दाखवले की निरोगी कातडीवर आम्लाचे एक पातळ आवरण असते. तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास. लोणारचे पाणी १० धरले तर पाच अंकांचा, म्हणजे एक लाख पटीचा फरक. असे पाणी अंगाला लागले की कातडीवरच्या स्निग्धांशाशी त्याचा संयोग होतो आणि त्याचा साबण बनतो. हाताला बुळबुळीत लागतो तो हा साबण. मऊपणा बाहेरून येत नाही. आपल्याच अंगाचे तेल निघून चाललेले असते. पाच दिवस हे चालले तर वरचा थर फुगतो, कोरडा पडतो, फाटतो. कोड हा तर रंगपेशी नष्ट होण्याचा विकार आहे. तो संसर्गजन्य नाही, कुष्ठरोग नाही, आणि कितीही धुतला तरी जाणारा नाही.

मग आजोबांना सुचवणारा माणूस खोटे बोलत होता का? मला तसे वाटत नाही. सुश्रुताच्या सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय क्षाराचा आहे. बाहेरून लावायचा क्षार कोणकोणत्या विकारांवर चालतो त्या यादीत दाद, कुष्ठ यांच्याबरोबर किलास, म्हणजे कोडही येतो. म्हणजे या समजुतीला मूळ आहे. पण तोच अध्याय पुढे वाचला पाहिजे. तिथे क्षार म्हणजे शस्त्राच्या जोडीचे, मांस जाळणारे साधन आहे. त्याचे मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे प्रकार पाडले आहेत. तो नेमक्या जागी लावायचा, शंभर मात्रा मोजेपर्यंत थांबायचे आणि मग आंबट द्रव्यांनी त्याला शांत करायचे. आम्लाने क्षार का शमतो याची चर्चासुद्धा तिथे आहे. परंपरेला क्षाराचा गुण ठाऊक होता, तसा त्याचा धाकही ठाऊक होता. आपल्या आयांनाही होता. पापडखार उडदाच्या पिठात चिमटीने पडतो, मुठीने नाही. काळाच्या ओघात गुण लक्षात राहिला, मोजमाप गळले.

लोककथेतही तो धाक आहे. लवणासुर विवरात लपून राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन, पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त आणि खार म्हणजे त्याचे कुजलेले मांस, असे जुने लोक सांगत. ज्या पाण्याला लोक दैत्याचे रक्त म्हणत होते, ते स्नानासाठी पवित्र कसे होईल? म्हणून तीर्थाची रचना पाहावी. यात्रेकरूचे स्नान काठावरच्या धारेला, बारमाही गोड्या झऱ्याखाली. कमळजेच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारट, असे सांगतात. गोडे आणि खारे यांतला भेद इथल्या माणसांनी विहिरीच्या नावातसुद्धा जपला होता. माझे अनुमान असे की धारेचे पुण्य हळूहळू सरोवराच्या खात्यावर जमा झाले, आणि अलीकडे त्यावर समुद्रोपचाराचे व्याज चढले.

शेवाळाबद्दलही सांगायला हवे. लोणारचे पाणी हिरवे दिसते ते आर्थ्रोस्पायरा या नीलहरित सूक्ष्मजीवामुळे. बाजारात तो स्पिरुलिना नावाने ओळखला जातो. समुद्रशेवाळाशी त्याचे जवळचे नाते नाही. त्याला असेच सोड्याचे पाणी मानवते. मेक्सिकोच्या टेक्सकोको सरोवरातून अझ्टेक लोक आणि आफ्रिकेत चाडच्या परिसरातले लोक तो काढून, वाळवून खात आले. पण दुकानातली भुकटी नियंत्रित हौदांत वाढवलेली असते. उघड्या तळ्यात त्याच्याबरोबर विषारी जातीही वाढू शकतात, त्यामुळे काठावरचा हिरवा गाळ चेहऱ्याला फासणे धोक्याचे. शिवाय सरोवर २००० सालापासून अभयारण्य आहे आणि २०२० साली ते रामसर स्थळ झाले. तिथून परवानगीवाचून काही उचलून नेणे कायद्याला मान्य नाही. त्याच २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्या वेळीही दैत्याच्या रक्ताची आठवण काढणारे लोक भेटलेच.

आपल्या जिल्ह्यात खाऱ्या पाण्याचे दुसरे टोकही आहे. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत, खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीच्या खाऱ्या पाण्याला कोणी औषध म्हणत नाही; मूत्रपिंडाच्या विकारांचा दोष लोक त्यालाच देतात. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हाही पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे तपासाचा रोख सेलेनियमकडे वळला. एका टोकाला खारे पाणी तारक, दुसऱ्या टोकाला मारक. दोन्हीकडे आधी ठरवायचे आणि मग तपासायचे, ही आपली सवय मात्र एकच.

आत्या आता नाही. ती शेवटी आमच्याकडेच राहत होती. एकदा ओसरीवर बसून तिला ही साबणाची गोष्ट समजावून सांगितली. मला वाटले होते, तिला वाईट वाटेल. ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली आणि हसली. म्हणाली, "म्हंजे मी माह्याच अंगाचा साबन केला म्हन." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पन धारेचं पानी लय थंड होतं बरं. तिथं घेऊन चाल एक डाव."

नवरात्रात कमळजेच्या यात्रेला जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. धारेखाली स्नान करा. हळद लाल होते ती जरूर पाहा. आणि घरात कोणाच्या अंगावर कोड असेल, तर त्याला त्या पाण्यात बसवू नका. डॉक्टरकडे न्या, आणि त्याचे लग्न मोडू देऊ नका.