यादी कोणाच्या हातात?

‘तुम्ही आमचेच आहात’ हे वाक्य दलिताने फार सावधपणे ऐकावे, असे माझे मत आहे. ते समतेची भाषा बोलते आणि त्याच तोंडाने हक्काची मागणी मोडीत काढते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात पीट हर्नांडेझ या मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरावर खुनाचा खटला झाला. त्या जॅक्सन काउंटीत 25 वर्षांत मेक्सिकन नावाचा एकही माणूस ज्यूरीत बसल्याची नोंद नव्हती. सरकारपक्ष म्हणाला, मेक्सिकन हे गोरेच. मग गोऱ्यांनी गोऱ्याचा न्याय केला, यात पक्षपात कसला? पण त्याच न्यायालयाच्या आवारात पुरुषांची दोन शौचालये होती. एकावर काही लिहिलेले नव्हते. दुसऱ्यावर काळ्यांसाठी असल्याची पाटी होती आणि तिथेच स्पॅनिश भाषेतही पुरुषांना वाट दाखवली होती. कागदावर गोरा, दारात काळा! 3 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली.

त्याच वर्षी आमच्याकडे भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तो वेगळा झाला 1999 साली. मतदारसंघ द्विसदस्य होता: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि घटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. जागा अस्पृश्यांची, पण कौल सर्वांचा. आणि त्या सर्वांत अस्पृश्य अल्पसंख्य.

याचे मूळ 1932 सालात आहे. अस्पृश्य हे हिंदूच, त्यांना वेगळे काढू नका, असे म्हणत गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले. पुणे करार झाला. राखीव जागा वाढल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. तिकडे ‘गोरेच’, इकडे ‘हिंदूच’. आपले म्हणायचे, आणि निवडीचा अधिकार स्वतःकडे ठेवायचा.

द्विसदस्य मतदारसंघ 1961 च्या कायद्याने संपले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघ आज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेचे मोल मी कमी लेखत नाही. ती नसती तर दारही उघडले नसते. पण टेक्सासमध्ये कायद्याने मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव केला नव्हता. ज्यूरीसाठी नावे निवडणाऱ्यांनी फक्त काही नावे कधीच घेतली नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी जागा मोजून थांबू नये. उमेदवाराचे नाव कोण ठरवतो, आणि निवडून आल्यावर तो कोणाला उत्तर देतो, हे आपापल्या तालुक्यात विचारावे. ‘आपण सगळे एकच’ असे उत्तर मिळाले, तर हाच प्रश्न पुन्हा विचारावा.