पपईवरचा पांढरा थर: पाहुणी कीड आणि घरचे कीटक

पपईच्या पानामागे कापसासारखा पांढरा थर दिसला की आमच्या पूर्णेत आई लगेच साबणाचं पाणी मारते. हा थर म्हणजे पिठ्या ढेकूण. त्यांची एक जात, पॅराकॉकस मार्जिनेटस, मूळची मेक्सिकोकडची. तिथे तिने कधी फार उपद्रव केला नाही, कारण तिला मारणारे कीटक तिथेच होते. 1992 मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं, नव्वदच्या दशकात ती कॅरिबियन बेटांवर पसरली. 2008 मध्ये ती कोइम्बतूरला सापडली आणि 2010 मध्ये पुण्यात. (पपईही अमेरिकेचीच बरं का! झाड पोर्तुगीजांबरोबर आलं, कीड चारेकशे वर्षांनी.)

प्रश्न असा, की ही कीड आली तेव्हा इथले कीटक काय करत होते?

सगळ्यात आधी जमल्या मुंग्या आणि मुंगळे. पिठ्या ढेकूण गोड चिकट द्रव सोडतो, मुंगळे तो चाटतात आणि बदल्यात ढेकणाच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणजे घरचेच पाहुण्यांचे राखणदार झाले. दुसरा घरचा कीटक मात्र ढेकूणच खातो: स्पाल्जिस एपियस नावाच्या छोट्या फुलपाखराची अळी. ती अंगावर ढेकणाचंच पांढरं मेण चढवून फिरते, त्यामुळे मुंग्या फसतात. तिच्या कोशावर माकडाच्या तोंडासारखी आकृती दिसते, म्हणून इंग्रजीत तिला एपफ्लाय म्हणतात. मुंग्यांसोबत माणसंही फसतात. फवारणीत ही अळी ढेकूण समजून मारली जाते.

ढेकणांवर ताव मारणारा क्रिप्टोलेमस हा ढालकिडा इथला वाटतो, पण तोही ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी त्याला भारतात आणलं. ते काम काही त्याला जमलं नाही, पण पिठ्या ढेकणांवर तो टिकला.

शेवटी 2010 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून तीन परोपजीवी गांधीलमाश्या मागवल्या. त्यातली असेरोफॅगस पपायी सर्वांत यशस्वी ठरली. मादी ढेकणाच्या पिल्लात अंडं घालते, अळी आतून त्याला खाते आणि मागे फक्त सुकलेलं कवच उरतं. दक्षिणेत कीड झपाट्याने कमी झाली.

हा इतिहास वाचताना मी एका जागी अडकलो. यशाचं सगळं श्रेय गांधीलमाशीला देऊन आपण मोकळे होतो. पण स्पाल्जिसची अळी ढेकूण खाताना त्याच्या आत वाढणारी गांधीलमाशीही गिळत असेल, तर दोघींची मदत बेरजेने मोजता येत नाही. आणि ढेकूण संपले की स्पाल्जिसचं खाणंही संपतं, तेव्हा उरलेल्या आकड्यांवरून तिने आधी किती काम केलं हे कळणार कसं?

तुमच्यापैकी कुणी असा विषय घेणार असाल, तर निदान तीन प्रकारची झाडं लागतील: काही बुंध्यांना चिकट पट्टा बांधून मुंग्या अडवलेली, काही फांद्यांवर बारीक जाळीची पिशवी घालून सगळेच शत्रू बाहेर ठेवलेली, आणि काही तशीच मोकळी. मोजणी दर आठवड्याला, भिंगाखाली. पांढऱ्या थरात ढेकूण कुठला आणि अळी कुठली, हे ओळखायलाच मला पहिला महिना गेला. तोवर आईच्या साबणाच्या पाण्याला मी हात जोडून थांबवलं होतं.