गाडीचा उंबरा

गेल्या मे महिन्यात काकाच्या कलमांच्या बागेत जाताना आमची थार सड्यावर अडकली. जुन्या चिरेखाणीच्या कडेने उतरत होतो. पुढचं चाक कापलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून खाली गेलं, मागचं अजून वरच होतं, आणि दाराखालून करकर असा लांबलचक आवाज आला. गाडी निघाली, पण डाव्या दाराखालचा पत्रा आत गेला होता आणि दार लावताना खालून घासत होतं.

काका शांतपणे म्हणाला, "आमच्या जीपला असले लाड लागायचे नाहीत."

त्याच्याकडे एकेकाळी महिंद्राची सीजे-३बी होती. याच सड्यावरून तिने आंब्याच्या पेट्या वाहिल्या. मग तिला जे लागलं नाही ते माझ्या २०२० नंतरच्या गाडीला का लागावं? या प्रश्नाने मला पिडलं. दाराखाली बसवायचे लोखंडी रेल, म्हणजे ज्यांना रॉक स्लायडर म्हणतात ते, शोधायला बसलो आणि शंभर वर्षं मागे गेलो.

दाराखालच्या त्या आडव्या पट्टीला रॉकर पॅनल किंवा सिल म्हणतात. सिल म्हणजे सरळ उंबरा. सुरुवातीच्या मोटारींना असा उंबरा जवळपास नव्हताच. घोडागाडीसारखी उंच चौकट, तिच्यावर ठेवलेली बॉडी, आणि चढायला बाहेर एक लांब फळी. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टीला ही फळी पुढच्या मडगार्डपासून मागच्या मडगार्डपर्यंत होती. आपण आजही तिला फुटबोर्ड म्हणतो. पुढे बॉडी रुंद आणि बुटकी होत गेली, फुटबोर्ड तिच्या पोटात गडप झाला. दुसरीकडे १९२२ ची लान्चिया लॅम्ब्डा आणि १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हां यांनी वेगळी चौकटच काढून टाकली आणि बॉडीलाच भार उचलायला लावला. त्या रचनेत उंबरा हा गाडीचा मुख्य वासा झाला.

जीप या सगळ्याच्या उलट्या दिशेने आली. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी घाईने हवी होती. बॅन्टम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत नमुना उभा केला आणि २३ सप्टेंबरला सैन्याच्या ताब्यात दिला. पुढे मोठी कंत्राटं विलीज आणि फोर्डला मिळाली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख जीप तयार झाल्या. (बॅन्टमवर हा अन्यायच. पण तो विषय वेगळा.) तिची रचना बघा: खाली शिडीसारखी पोलादी चौकट, वर बोल्टांनी बसवलेलं पत्र्याचं उघडं टोपलं. धड दारंही नाहीत. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर जेमतेम ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या थोडं वर. इतक्या आखूड गाडीचं पोट खडकाला कमीच लागतं. लागलं तरी पत्रा वाकतो, हातोडीने सरळ होतो. दारच नसेल तर घासणार काय?

ही जीप भारतात आणली ती मुळात पोलादाचा व्यापार करायला निघालेल्या कंपनीने. १९४५ मध्ये जे. सी. आणि के. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलीजचे सुटे भाग मुंबईत जोडून जीप बनायला लागल्या. काकाची जीप याच घराण्यातली.

तेव्हा काका बरोबर होता, पण अर्धाच. त्याच्या जीपलाही मार बसलाच असणार, फक्त तो कोणी मोजला नाही. माझ्या थारखाली चौकट अजून शिडीचीच आहे, पण वरचं टोपलं आता बंद खोली झालंय. बाजूने धक्का बसला तर उंबरा माणसाला वाचवतो. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत थारला चार तारे मिळाले. शिवाय आसांमधलं अंतर २,४५० मिलिमीटर झालं आणि पाच दारांच्या रॉक्समध्ये २,८५०. जितकी लांब गाडी, तितकं पोट खडकाच्या जवळ.

आता खडक. स्लायडरचं बहुतेक शहाणपण अमेरिकेतून येतं, खास करून कॅलिफोर्नियाच्या रुबिकॉन ट्रेलवरून. तिथे १९५३ पासून जीपवाल्यांची जत्रा भरते. तो डोंगर ग्रॅनाइटचा. आपला जांभा निराळाच. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडिपुरमचा हा दगड पाहून 'लॅटराइट' हे नाव दिलं, कारण ओला असताना तो विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. त्याच्या अंगावर भोकं आणि धारदार कंगोरे असतात. ग्रॅनाइटवरून धातू घसरतो. जांभा त्याला कानशीसारखा धरतो. म्हणून हलकं ॲल्युमिनियम मी पहिल्यांदा बाद केलं.

दुसरी चाळणी सोपी होती. गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास. जॅक लावून एक बाजू त्या रेलवर उचलता येईल का? बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा चकचकीत साइड स्टेप इथेच गळतात. त्या पायासाठी असतात, खडकासाठी नाहीत. बॉडीच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेल्या असतील तर आणखी वाईट: मार लागला की त्या स्वतःच उंबऱ्यात घुसतात. रेलचे हात चौकटीलाच हवेत आणि रेल व उंबरा यांच्यात दोन बोटांची फट हवी, म्हणजे रेल थोडी वाकली तरी पत्र्याला टेकत नाही. उंबऱ्याच्या खालच्या बाजूला पाणी निचरायची भोकं असतात, ती झाकली गेली तर रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पत्रा आतून सडणार. याच कारणाने चौकटीवर वेल्डिंग करू दिलं नाही. वेल्डिंगने रंग जळतो आणि गंज तिथूनच शिरतो. तीन मिलिमीटर जाडीचा पाइप, बोल्टांनी जखडलेला. दोन्ही रेल मिळून चाळीसेक किलो वजन वाढलं.

एक गोष्ट मात्र रेल घेतल्यावर जास्त टोचायला लागली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या याच कातळांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती तर कित्येक मीटर लांब. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेल घासून गेली की जांभ्यावर ताजा ओरखडा उमटतो. चिरेखाणीत तो मी पाहिलाय. शिल्पांची रेघ काही इंच खोल असेल, कुठे त्याहून उथळ. 'आता काही होत नाही' असं म्हणत नव्या सड्यावर गाडी घालणारे मित्र माझेही आहेत. मी आता चिरेखाणीचा रस्ता सोडून कुठे उतरत नाही.

रेल बसवून गाडी अंगणात आणली तेव्हा काकाने वाकून खालून बघितलं, बोल्ट मोजले आणि विचारलं, "चढताना पाय ठेवला तर चालेल ना रे यावर?"

त्याने ठेवला. हललं नाही.