प्रतिकृती रेल्वे एंजिने, दीर्घायुषी

मूळ रेल्वे एंजिनाची ठराविक प्रमाणात लहान केलेली व रुळांवर स्वतःच्या शक्तीने धावणारी प्रत म्हणजे प्रतिकृती एंजिन होय. अशा एंजिनांचा आरंभ खेळणी म्हणून झाला. त्यांतील काही एंजिने पन्नास-साठ वर्षांनंतरही चालू स्थितीत आढळतात, तर काही कपाटात ठेवल्याठेवल्याच भंगली. या फरकाचे मूळ धातू, यंत्ररचना व उत्पादकांचे धोरण यांत आहे.

आरंभीच्या गाड्या पत्र्याच्या असून किल्लीवर किंवा वाफेवर चालत. जर्मनीतील ग्यॉपिंगेन येथील मेर्क्लिन (स्थापना १८५९) या कंपनीने १८९१ मध्ये लाइपसिकच्या व्यापारी जत्रेत क्रमवार रूळमापांची पद्धत मांडली. त्यामुळे एका वर्षी घेतलेल्या एंजिनाला पुढे घेतलेले रूळ व डबे जुळू लागले. १९३५ मध्ये याच कंपनीने १६·५ मिमी. रुंदीच्या रुळांची छोटी गाडी बाजारात आणली. पुढे ‘एच-शून्य’ या नावाने रूढ झालेल्या या मापात प्रतिकृतीचे मूळ एंजिनाशी प्रमाण १ : ८७ असते.

पत्र्याऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम वापरल्याने एंजिने वजनदार झाली व त्यांची रुळांवरील पकड वाढली. मात्र जस्तात शिशाचा अल्प अंश राहिला, तर दमट हवेत स्फटिककणांच्या सीमांवर क्षरण होते. भाग फुगतात, वाकतात व अखेर त्यांचे तुकडे पडतात. दोन महायुद्धांच्या दरम्यानची अनेक एंजिने अशी नष्ट झाली. १९२९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९·९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारित मिश्रधातू तयार केले. एंजिनाचे आयुष्य अशा रीतीने धातूच्या शुद्धतेवर ठरले.

युद्धोत्तर काळातील मेर्क्लिनची ‘८९’ वर्गाची छोटी टाकी-एंजिने या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. मूळ एंजिने १९३४–३८ या काळात केवळ १० बांधली गेली. प्रतिकृती मात्र कित्येक दशके उत्पादनात राहिली. ओतीव धातूचा सांगाडा, साधी दंतचक्रे व सहज उघडता येणारे चलित्र ही तिची वैशिष्ट्ये होत. झिजणारे कार्बनचे ब्रश, दिवा व विद्युत् प्रवाह घेणारी सरकपट्टी एवढे भाग बदलले व तेलाचा एखादा थेंब दिला, की एंजिन पुन्हा चालते. १९४७ मध्ये निघालेली, स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावरील ‘मगर’ या टोपणनावाच्या विद्युत् एंजिनाची प्रतिकृतीही अशीच लोकप्रिय ठरली.

इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही गाडी आणली. १९६४ मध्ये ही कंपनी लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली, तरी तिची एंजिने आजही संग्राहकांकडे धावतात. अमेरिकेत लायोनेल कंपनीने (स्थापना १९००) १९५० मध्ये चुंबकीय चाके वापरून एंजिनाची पकड वाढविली. जर्मनीतील लेमान कंपनीने १९६८ मध्ये बागेतील ४५ मिमी. रुळांवर धावणारी प्लॅस्टिकची एंजिने आणली. त्यांपैकी पहिले ‘स्टाइन्त्स’ हे ऑस्ट्रियातील १८९२ च्या एंजिनावर बेतलेले होते. ऊन, पाऊस व बर्फ सहन करणारी ही एंजिने पाहता टिकाऊपणा धातूचीच मक्तेदारी नाही, हे स्पष्ट होते.

१९८० च्या दशकापासून अंकीय नियंत्रण आले व सूक्ष्म बारकावे वाढले. त्यामुळे हुबेहूबपणा साधला, पण नाजूक भाग लवकर मोडतात आणि इलेक्ट्रॉनिक मंडल बिघडल्यास घरी दुरुस्ती करणे अवघड जाते. लेमानच्या बाग-गाडीचा व्यवसाय २००७ मध्ये मेर्क्लिनकडे गेला व मेर्क्लिननेही २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१३ मध्ये तिची मालकी बदलली. कंपनी डळमळली, तरी सुटे भाग मिळत राहतात तोवर तिची जुनी एंजिने चालतात. म्हणूनच सुट्या भागांची उपलब्धता हा दीर्घायुष्याचा तितकाच महत्त्वाचा घटक ठरतो.

महाराष्ट्रात पुणे येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. वारंवार चालविल्या जाणाऱ्या अशा प्रदर्शनात एंजिनाच्या देखणेपणाइतकीच त्याची दुरुस्तिक्षमताही कसोटीला लागते.