दिनविशेष – ४ ऑक्टोबर १९७१ : हिवतापावरील गुणकारी अर्काची प्राप्ती
क्लोरोक्वीनला दाद न देणाऱ्या हिवतापाने व्हिएतनामच्या युद्धात सैन्यास जर्जर केले असता, चीन सरकारने २३ मे १९६७ रोजी ‘प्रकल्प ५२३’ या नावाने जी गुप्त मोहीम जारी केली, तिच्यातील वनौषधींच्या शोधाची जबाबदारी १९६९ साली बेइजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील संशोधिका तू युयू यांजकडे सोपविण्यात आली. जुने वैद्यकग्रंथ धुंडाळून सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर पारखले. पैकी छिंगहाव, जी जोतिबास वाहिल्या जाणाऱ्या दवण्याचीच सजातीय वनस्पती होय, प्रथम आशा दाखवी आणि पुढल्या प्रयोगात हुलकावणी देई. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळण्याचा विधी आढळताच, उकळल्याने तिचा गुण नष्ट होत असावा हे ताडून तू यांनी अवघ्या ३५ अंशांवर उकळणारे ईथर योजिले आणि अर्कातील विषारी आम्लांश निराळा काढला. आजच्या दिवशी सिद्ध झालेल्या त्या अर्काने उंदरांच्या रक्तातील परजीवींचा समूळ निःपात केला. पुढील वर्षी तो त्यांनी स्वतः घेऊन पाहिला आणि त्याच वर्षी त्यातील गुणकारी द्रव्य, आर्टेमिसिनिन, स्फटिकरूपात हाती आले. परजीवी हिमोग्लोबिन पचवू लागला की मोकळ्या होणाऱ्या लोहाच्या योगाने या रेणूतील पेरॉक्साइड बंध तुटून परजीवीचीच प्रथिने विदीर्ण होतात. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीने होणाऱ्या हिवतापावर आर्टेमिसिनिनचे मिश्र उपचार आज जगभर रूढ असून, २०१५ साली तू यांस वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.